जुन्नर–आंबेगावचा आठवडे बाजार आणि रोजचे धान्य : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पश्चिमेचा भात पिकविणारा डोंगरी पट्टा व पूर्वेचा बाजरी पिकविणारा देशपट्टा एकमेकांना भिडतात. या दोन पट्ट्यांची देवाणघेवाण जेथे घडली ते ठिकाण म्हणजे येथील बाजार. प्रस्तुत शोधनिबंधात रोजच्या जेवणातील धान्याच्या खरेदीचा इतिहास प्राचीन शिलालेखांपासून रेशन व्यवस्थेपर्यंत तपासला आहे. कोणत्या कुटुंबाने कोणते धान्य खायचे हे केवळ आवडीने किंवा भावाने ठरले नाही, तर सुगीनंतर धान्य घरात राखून ठेवण्याची ऐपत कोणाकडे होती यावरून ते प्रामुख्याने ठरले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आठवडे बाजार, भात, बाजरी, पायली, खंड, हिरडा, खावटी, शिधावाटप.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाचे लेखन बहुतांशी जमीनमहसूल, सावकारी, दुष्काळ आणि व्यापारी पिके या विषयांभोवती झाले आहे. कापूस, ऊस, अफू यांच्या व्यापाराविषयी विपुल लिहिले गेले. मात्र सामान्य कुटुंबाने आठवड्याचे धान्य कोठून, कोणाकडून आणि कोणत्या मापाने विकत घेतले, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ग्रामीण कुटुंब स्वतः पिकविलेलेच धान्य खाते, असे गृहीत धरले गेल्यामुळे हा प्रश्नच उपस्थित झाला नसावा. वास्तविक हे गृहीतक सर्वत्र लागू पडत नाही. विशेषतः डोंगरी प्रदेशात शेतकरी हा एकाच वर्षात धान्याचा विक्रेता आणि ग्राहक अशा दोन्ही भूमिका पार पाडतो. सुगीत तो धान्य विकतो आणि पावसाळ्यात तेच किंवा त्याहून हलके धान्य विकत घेतो. या दोन व्यवहारांच्या मधल्या काळात त्याचे वर्षाचे आर्थिक भवितव्य ठरते.

उद्दिष्टे

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) जुन्नर–आंबेगाव परिसरातील धान्यबाजाराच्या ऐतिहासिक परंपरेचा मागोवा घेणे.
२) धान्यखरेदीतील मापे, रिवाज आणि पतव्यवहार यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) शासकीय धान्यवितरणामुळे बाजार आणि आहार यांच्या संबंधात झालेल्या बदलांची मीमांसा करणे.

यासाठी शिलालेखांची प्रसिद्ध वाचने, प्रवासवर्णने, १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, कायदे व शासकीय योजना आणि परिसरातील रूढ शब्दसंपत्ती यांचा साधने म्हणून उपयोग केला आहे.

अभ्यासक्षेत्र

सह्याद्रीच्या मुख्य रांगेत उगम पावणाऱ्या कुकडी, मीना आणि घोड या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात व त्यांचे पाणी अखेरीस भीमेला मिळते. या नद्यांच्या खोऱ्यांना कुकडनेर, मीननेर, घोडनेर अशी जुनी नावे आहेत. खोऱ्यांच्या माथ्याशी पाऊस भरपूर, जमीन उताराची आणि खाचरे लहान असतात. तेथे भात, नाचणी, वरई, सावा ही पिके येतात. पूर्वेकडे जावे तसा पाऊस वेगाने कमी होतो आणि बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा यांचा प्रदेश सुरू होतो. माथ्यावरील गावांत महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे, तर पूर्वेकडे मराठा, माळी व अन्य शेतकरी आणि कारागीर जातींची वस्ती दाट आहे. ब्रिटिश काळात जुन्नर हा स्वतंत्र तालुका होता. आंबेगाव मात्र खेड तालुक्याचा पेटा होता व त्याची कचेरी घोडेगावी होती.

या प्रदेशातील बाजारांची मांडणी लक्षपूर्वक पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्नर आणि घोडेगाव ही ठिकाणे डोंगर संपून मैदान सुरू होते त्या सीमेवर वसलेली आहेत. नारायणगाव आणि मंचर ही गावे त्याच्या पूर्वेस पुणे–नाशिक मार्गावर आहेत. ओतूर हे माळशेजच्या वाटेवर, तर बेल्हे हे पूर्वेच्या कोरडवाहू पट्ट्यात आहे. जुन्नरचा रविवारचा आणि बैलांसाठी प्रसिद्ध असलेला बेल्ह्याचा सोमवारचा बाजार ही या साखळीतील दोन ठळक ठिकाणे होत. डोंगरी गावातील माणसाने पहाटे डोक्यावर भार घेऊन निघावे, दुपारी बाजार करावा आणि दिवे लागणीपर्यंत घरी परतावे, हे अंतराचे गणित या मांडणीमागे दिसते.

धान्यव्यापाराची प्राचीन परंपरा

जुन्नर परिसरातील धान्यव्यापाराचा सर्वांत जुना पुरावा लेण्यांमध्ये आहे. लेण्याद्री समूहातील एका शिलालेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. सातवाहन-क्षत्रप काळात धान्याचा व्यापार करणारे लोक संघटित होते आणि डोंगरात लेणे कोरविण्याइतका संचय त्यांच्याकडे होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. याच परिसरातील अन्य लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचेही उल्लेख येतात. शिवनेरीच्या लेण्यांतील एका लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिल्याचे नमूद आहे. धान्य विकणारे, ते साठविण्याच्या व वाहून नेण्याच्या वस्तू बनविणारे आणि सामूहिक भोजनाची व्यवस्था करणारे दाते असे सर्व घटक एकाच गावाच्या भोवती आढळतात, ही बाब लक्षणीय आहे.

या व्यापाराचा मार्ग नाणेघाटातून कोकणात उतरत होता. घाटातील नागनिकेच्या लेखामुळे तो सातवाहन राजसत्तेशी जोडलेला दिसतो. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. नंतरच्या शतकांतही बैलांच्या तांड्यांवरून धान्य, मीठ व अन्य माल याच वाटेने जात-येत राहिला. जुन्नर शहरातील कल्याण पेठेचे नाव या जुन्या संबंधाची आठवण करून देते.

मध्ययुगीन जुन्नरचे एक वेगळे चित्र रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच्या वर्णनात मिळते. १४७० च्या सुमारास बहमनी राजवटीत तो चौलहून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात येथे राहिला. चार महिने सर्वत्र पाणी आणि चिखल असतो, आणि याच दिवसांत लोक नांगरणी करून गहू, तांदूळ, हरभरा व अन्य खाद्यधान्ये पेरतात, असे त्याने नोंदविले. घोड्यांना हरभरा आणि साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी चारतात, हेही त्याने लिहून ठेवले. जुन्नरचा सुभेदार असदखान याने निकितिनचा घोडा काही काळ हिरावून घेतला होता. घोडा ही त्या काळी सत्तेची वस्तू होती. सत्तेच्या तबेल्यात शिजविलेले धान्य जात होते. ते पिकविणाऱ्याच्या चुलीवर काय शिजत होते याविषयी मात्र जुन्नरच्या या वर्णनातून काही कळत नाही. साधनांचे हे मौन पुढील काळातही बऱ्याच अंशी टिकून आहे.

धान्य आणि सत्ता यांचा संबंध शिवनेरी किल्ल्यावरही दिसतो. गडावरील अंबरखान्याची इमारत म्हणजे धान्याचे कोठार होय. १६३० मध्ये या गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला; त्याच वर्षी सुरू झालेल्या आणि १६३२ पर्यंत चाललेल्या दुष्काळाने दख्खन व गुजरात उद्ध्वस्त केले. अशा काळात गडावरील साठा आणि गावातील रिकामी कणगी यांतील अंतर किती मोठे असेल, याची कल्पना करता येते. साठा करू शकणारा आणि साठा करू न शकणारा हा भेद या प्रदेशाच्या धान्येतिहासात पुन्हा पुन्हा आढळतो.

बाजारातील माप आणि रिवाज

मेट्रिक पद्धती येईपर्यंत येथील धान्य वजनाने नव्हे, तर मापाने विकले जात असे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली, असे कोष्टक सर्वसाधारणपणे रूढ होते. त्यावर मण आणि वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या मात्र सर्वत्र सारख्या नव्हत्या; कोठे बारा, तर कोठे सोळा पायल्यांचा मण धरीत. दोन शेजारच्या बाजारांतील 'मण' हा शब्द एकच असला तरी धान्य एकच नसे.

मापाचा खरा प्रश्न त्याच्या तोंडाशी होता. माप काठोकाठ भरून वर धान्याचा कळस चढविला की त्यास शीग म्हणत. 'शिगेला पोहोचणे' हा वाक्प्रचार येथूनच भाषेत आला. शिगोशीग भरलेले माप आणि हात फिरवून सपाट केलेले माप यांत मूठभर-ओंजळभर धान्याचा फरक पडे. घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना सपाट द्यायचे, हा व्यापारी नफ्याचा एक सर्वज्ञात मार्ग होता. भाव तोच सांगितला जाई, पण धान्य कमी-अधिक होई. म्हणूनच मापाडी हा बाजारातील महत्त्वाचा माणूस ठरला. पहिले माप टाकताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याचा त्याचा रिवाज मांगल्याचा होता. तथापि हा लाभ कोणाचा, हे मापाडी कोणाच्या बाजूचा आहे यावर अवलंबून असे.

ग्राहकाकडेही स्वतःचे ज्ञान होते. तांदूळ तळहातावर चोळून त्यातील कणी आणि खडे पाहणे, दाणा दाताखाली फोडून तो पुरता वाळला आहे किंवा नाही हे ओळखणे, वासावरून आंबेमोहोर पारखणे आणि नवा तांदूळ की जुना हे ठरविणे, ही पारख मुख्यत्वे स्त्रियांकडे होती. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, जुन्याचा मोकळा. भाकरीसाठी आणि भातासाठी तांदूळ वेगळा लागतो. बाजरीची गोष्ट निराळी होती. बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडू होते. त्यामुळे ते दळून ठेवता येत नसे. धान्य घरात ठेवावे आणि लागेल तसे जात्यावर दळावे, हीच रीत होती. रोख पैसा कमी असलेल्या घराने बाजरी आठवड्यापुरती घ्यावी, हे यातून ओघानेच आले. आठवडे बाजाराची लय आणि गरीब घराच्या खरेदीची लय अशी एकमेकांत गुंतलेली होती.

गावातील प्रत्येकजण बाजारातून धान्य घेत होता असे मात्र नाही. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार आदी बलुतेदारांना खळ्यावरच धान्याचा वाटा मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे आणि तिच्या ढासळण्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. बलुत्याची जागा जसजशी रोख मजुरीने घेतली, तसतसा कारागीरही धान्याच्या बाजारात ग्राहक म्हणून उभा राहू लागला. वतनापेक्षा सुटका झाली, पण धान्याची हमी गेली.

भात विकणे आणि भाकरी विकत घेणे

डोंगरी पट्ट्यातील भाताची कापणी कार्तिक–मार्गशीर्षात होते. याच वेळी शेतसाऱ्याचा हप्ता, सावकाराचे व्याज, जमिनीचा खंड आणि कापडचोपड यांची देणी समोर येत. सर्वांचा माल एकदम बाजारात आल्याने भाव पडलेले असत. तरीही शेतकऱ्याला विकणे भाग पडे, कारण देणेकरी थांबत नसे. भात हे या भागातील असे पीक होते की ज्याला पूर्वेकडील बाजारात आणि पुण्यासारख्या शहरात चांगला भाव येई. परिणामी उत्तम भात विकला जाई आणि घरात नाचणी, वरई, सावा ही हलकी मानली गेलेली धान्ये उरत. महादेव कोळी समाजाच्या आहारात या धान्यांचे प्राबल्य असल्याचे एकोणिसाव्या शतकातील नोंदींतून दिसते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. नाचणीची किंवा बाजरीची भाकरी ही केवळ नाइलाजाची गोष्ट होती असे म्हणता येणार नाही. थंडीतील बाजरीची भाकरी, मासवडीचा रस्सा आणि त्यासोबत कांदा हे जुन्नर–आंबेगावचे अभिमानाचे जेवण आहे. नाचणीची भाकरी कष्टाच्या कामात पोटाला आधार देते, हा डोंगरी लोकांचा अनुभव आहे. प्रश्न भाकरी चांगली की भात चांगला हा नाही. स्वतः पिकविलेल्या धान्यातले कोणते खायचे आणि कोणते विकायचे, हे ठरविण्याचा अधिकार पिकविणाऱ्याकडे होता काय, हा आहे. ज्येष्ठ–आषाढात कणगी रिकामी होई, पेरणीचे व लावणीचे काम ऐन भरात असे आणि डोंगरातील वाटा चिखलाने बंद होत. तेव्हा चढ्या भावाने उधारीवर धान्य आणावे लागे. मार्गशीर्षात स्वस्त विकलेले आणि श्रावणात महाग घेतलेले धान्य यांतील फरक म्हणजे थांबता न येण्याची किंमत होती. ज्याच्याकडे कोठार होते त्याला हाच फरक नफा म्हणून मिळे.

या व्यवहाराचा स्फोट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. आंबेगाव परिसरातील जांभोरीच्या होन्या केंगले याने १८७३ ते १८७६ या काळात महादेव कोळ्यांना संघटित करून सावकारांविरुद्ध उठाव केला. कर्जखते आणि दस्तऐवज हे या उठावाचे मुख्य लक्ष्य होते. १८७६ मध्ये त्याला पकडण्यात आले. याच काळात, मे १८७५ मध्ये, सुपे या बाजारपेठेच्या गावी दख्खनच्या दंग्यांना प्रारंभ झाला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याची पार्श्वभूमी या घटनांनी तयार केली. पुढे १८८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार देऊन संप पुकारला. महात्मा फुले आणि सत्यशोधक कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इतिहासलेखनात या घटना जमीन व कर्ज या सदरात मोडतात. परंतु सावकार आणि धान्याचा व्यापारी हा बहुधा एकच असे, आणि कर्जाची फेड धान्यात व कर्जाची उचलही धान्यात होत असे, हे लक्षात घेतल्यास या उठावांचा संबंध थेट चुलीशी पोहोचतो.

हिरड्याच्या मोबदल्यात धान्य

डोंगरी कुटुंबाकडे विकण्यासारखी दुसरी वस्तू होती ती म्हणजे हिरडा. भीमाशंकर ते नाणेघाट या पट्ट्यात हिरड्याची झाडे विपुल आहेत. कातडी कमावणे, रंगकाम आणि आयुर्वेदिक औषधे यांसाठी हिरड्याला मागणी राहिली आहे. बाळहिरडा उन्हाळ्याच्या अखेरीस गोळा होतो. म्हणजेच पावसाळ्याची बेगमी करण्याच्या नेमक्या वेळी हाती येणारा हा पैसा आहे. जुन्नर आणि घोडेगावच्या बाजारात हिरड्याचे ओझे उतरवायचे आणि धान्य, मीठ, मिरची, तेल घेऊन परतायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला.

येथेही थांबण्याचा प्रश्न सुटला नाही. हिरडा व्यापाऱ्याकडे देऊन त्याच दुकानातून धान्य घ्यायचे असल्यास दोन्ही भाव एकाच माणसाच्या हाती जात. हे चक्र तोडण्याच्या हेतूने १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९७६ च्या कायद्यान्वये आदिवासी क्षेत्रात शेतमाल व गौण वनोपजाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी खावटी कर्जाची योजना आली. 'खावटी' हा शब्दच मुळी सावकारी व्यवहारातील आहे; शासनाने तो उचलला, कारण गरज तीच होती. घोडेगावी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय झाले. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचे मोठे नुकसान केले, तेव्हा पावसाळ्यापूर्वीचा हा आधार आजही किती नाजूक आहे, हे पुन्हा निदर्शनास आले.

शिधावाटप, धरणे आणि बदललेले ताट

धान्यबाजारात शासनाचा प्रत्यक्ष प्रवेश दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि त्यासाठी ग्रामीण भागातून लेव्ही घेतली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर अन्नटंचाईच्या वर्षांत परदेशी धान्य रेशन दुकानांत आले. १९७२ च्या दुष्काळातील मिलो ज्वारी आणि सुकडी या शब्दांची आठवण जुन्या पिढीत अद्याप ताजी आहे. दरम्यान १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पायलीच्या जागी किलोग्रॅम आला आणि शिगेचा वाद कायद्याच्या दृष्टीने संपला. १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने अडत, तोलाई, हमाली यांचे नियमन केले. हा कायदा प्रामुख्याने विक्रेत्या शेतकऱ्यासाठी होता. ओट्यावर बसून शेर-मापट्याने धान्य घेणाऱ्या ग्राहकाचा विचार त्यात दुय्यम राहिला.

दुसरा मोठा बदल पाण्याने घडविला. कुकडी प्रकल्पांतर्गत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे बांधली गेली. डिंभे धरणाच्या जलाशयात घोड खोऱ्यातील शेती आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव बुडाले. धरणांचे पाणी मुख्यतः पूर्वेकडे गेले. तेथे ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे आली; नारायणगाव टोमॅटोसाठी, तर आळेफाटा व ओतूर कांद्यासाठी प्रसिद्ध झाले. बाजरीचे क्षेत्र आक्रसले. त्यामुळे जो पूर्वपट्टा एकेकाळी डोंगरी लोकांना बाजरी विकत होता, तेथील अनेक कुटुंबे स्वतःच बाजरीची ग्राहक झाली. पश्चिमेकडील खातेदार मात्र जुन्याच खाचरांत, पडकईसारख्या परस्पर श्रमाच्या पद्धतीने बांध घालून भात पिकवीत राहिला.

भाताच्या जातींतही पालट झाला. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून विकसित केलेली इंद्रायणी ही जात १९८७ मध्ये प्रसारित झाली. सुवास टिकवून अधिक उत्पन्न देणाऱ्या या जातीने मावळपट्ट्यात झपाट्याने जम बसविला. रायभोग व जुना आंबेमोहोर यांचे क्षेत्र कमी झाले. शहरातील दुकानांत आंबेमोहोराच्या नावाने परप्रांतातील तांदूळही विकला जातो, त्यामुळे वासावरून धान्य ओळखणाऱ्या जुन्या ग्राहकाची पारख आता पिशवीवरील छापील नावापुढे निरुपयोगी ठरते.

तिसरा आणि सर्वांत दूरगामी बदल सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा आहे. २००० मधील अंत्योदय अन्न योजना आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा यांमुळे पात्र कुटुंबाला तांदूळ तीन रुपये व गहू दोन रुपये किलो दराने मिळू लागला. अंत्योदय कुटुंबास महिना ३५ किलो आणि प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी ५ किलो धान्य हा हक्क झाला. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात आठवडे बाजार बंद असताना मोफत धान्यानेच अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालील धान्य पूर्णतः मोफत देण्यात येऊ लागले.

या बदलाचे मूल्यमापन करताना दोन बाजू विचारात घ्याव्या लागतात. ज्या डोंगरी कुटुंबाला श्रावणात उधारीवर धान्य आणावे लागत होते, त्याची त्या उधारीतून मोठ्या प्रमाणात सुटका झाली. होन्या केंगल्याने शस्त्र उचलले त्या प्रश्नाचा एक भाग रेशन कार्डाने शांतपणे सोडविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. दुसरीकडे, काय खायचे हे ठरविण्याचा अधिकार पुन्हा घराबाहेरच राहिला. पूर्वी तो सावकाराच्या कोठारात होता; आता तो वितरणाच्या कोष्टकात आहे. कायद्यात भरड धान्याची तरतूद असूनही प्रत्यक्ष वाटपात गहू आणि तांदूळ यांचाच भरणा राहिला. परिणामी ज्या भागात पूर्वी गव्हाची पोळी सणावारी होत असे तेथे ती रोजची झाली आणि नाचणी–वरईची पेरणी मागे पडली. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा शहरात नाचणीला प्रतिष्ठा आली. परंतु ती पिकविणाऱ्या डोंगरी घरात तिची जागा आधीच आक्रसली होती.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) जुन्नर परिसरातील धान्याचा व्यापार किमान सातवाहन-क्षत्रप काळापासून संघटित स्वरूपात होता आणि येथील बाजारांची भौगोलिक मांडणी भातपट्टा व बाजरीपट्टा यांच्या सीमेशी जुळणारी आहे.

२) डोंगरी शेतकरी हा स्वयंपूर्ण नव्हता. तो सुगीत विक्रेता आणि पावसाळ्यात ग्राहक होता. त्याच्या ताटातील धान्य त्याच्या आवडीपेक्षा साठवण, कर्ज आणि मापाचे रिवाज यांनी अधिक ठरविले.

३) मेट्रिक माप, बाजार नियमन, एकाधिकार खरेदी आणि अन्न सुरक्षा कायदा या उपायांनी शोषणाचे एकेक दार बंद केले. तथापि या उपायांचा भर धान्याच्या प्रमाणावर राहिला. निवडीचा प्रश्न बाजूला पडला.

४) धान्य पारखण्याचे, राखण्याचे आणि मोजण्याचे ज्ञान हा या प्रदेशाच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग असून त्यातील मोठा वाटा स्त्रियांचा आहे. मापे संग्रहालयात जाण्यापूर्वी आणि शब्द विस्मरणात जाण्यापूर्वी त्यांची नोंद होणे गरजेचे आहे.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेकडील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा व पंचायतींना गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार देण्याची तरतूद केली आहे. ग्रामपातळीवर धान्यकोठी उभी राहिली, सुगीतील भात व नाचणी तेथे तारण ठेवून गरजेपुरती रक्कम मिळाली आणि स्थानिक भरड धान्य स्थानिक रेशन दुकानातच वाटले गेले, तर शेतकऱ्याला थांबण्याची ऐपत प्रथमच मिळू शकेल. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेण्याद्रीला लेणे कोरविले, त्यामागे संघटित साठ्याची शक्ती होती. तीच शक्ती धान्य पिकविणाऱ्या ग्रामसभेच्या हाती येणे, हा या इतिहासातून पुढे येणारा व्यावहारिक प्रश्न आहे. त्या दृष्टीने या दोन तालुक्यांतील प्रत्येक बाजाराचा स्वतंत्र व सविस्तर अभ्यास होणे आवश्यक आहे.